खिळ्यावरचा सत्तावन्न

मंगळवार, १५ नोव्हेंबर २०११. पाणी अर्धा तास उशिरा आलं. साडेदहाला वन्संच्या घरमालकाचा माणूस त्यांची पेटी देऊन गेला. पोच मागितली, लिहून दिली. पेटीत : सुती कपडे सात जोड, पैकी दोन विरलेले. स्वेटर एक. चष्मे दोन, एकाची काडी दोऱ्यानं बांधलेली. ह्यांचा फोटो. सुया-दोऱ्याचा डबा, झाकण नाही. पितळी बिल्ले दोन, एकाच कडीत ओवलेले, ५६ आणि ५७. वन्संचा गाळा छप्पन्न नंबरचा. मग सत्तावन्न कुणाचा? सोबत बाजाराच्या ऑफिसची नोटीस : बाजार हलणार, जुने बिल्ले शुक्रवारपर्यंत जमा करावेत. दुपारी सूनबाईंनी खिडक्या पुसल्या.

वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि ‘कुणाचा?’ हा शब्द पुन्हा वाचला. शाळेत सिस्टरनी पहिली वही हातात दिली त्या दिवसापासून त्या रोज लिहीत आल्या होत्या. सिस्टरचे नियम दोन. आधी तारीख, मग घडलं ते, आणि आपल्याला काय वाटलं ते जागा उरली तर. दुसरा नियम, खाडाखोड नाही; चुकीचं लिहिलं गेलं तर तेही घडलेलंच आहे, राहू द्यावं. लग्नानंतर नवरा चिडवायचा, “चित्रगुप्ताला रजा हवी असली की तो तुझ्याकडे किल्ल्या देऊन जाईल.” वहिनी हसायच्या आणि त्याने चिडवल्याचंही लिहून ठेवायच्या. अशा वहीत प्रश्नचिन्ह म्हणजे दातात अडकलेला तंतू. जीभ सारखी तिथंच जाते.

वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची पाठची बहीण, वहिनींहून दोन वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. वडिलांच्या माघारी बाजारातला लिंबांचा गाळा त्यांनी चालवायला घेतला आणि एकाहत्तराव्या वर्षी, दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी, झोपेतच गेल्या. नणंद-भावजया पहिली काही वर्षं एका घरात राहिल्या होत्या. भांड्याला भांडं लागायचं, पण आवाज उंबऱ्याबाहेर जात नसे. पुढे वन्संनी बाजाराच्या मागच्या गल्लीत खोली घेतली, पहाटे उठून चालत जायला बरी म्हणून.

खरं बिनसलं ते नऊ वर्षांपूर्वी. वहिनींचा नवरा सहा आठवडे अंथरुणाला खिळला होता. वन्सं रोज दुपारी दोनच्या सुमाराला यायच्या, भावाचे पाय चेपत बसायच्या, त्याला चमच्यानं पाणी पाजायच्या आणि दिवेलागणीनंतर जायच्या. पण सकाळ म्हणून त्यांनी कधी दिली नाही. एकदा वहिनी म्हणाल्यासुद्धा, “वन्सं, भावापेक्षा लिंबं गोड झाली का तुम्हाला?” वन्सं म्हणाल्या, “तसं नाही हो वहिनी,” आणि पुढे काही नाही. मग ती सकाळ आली. नऊला वहिनींनी बाजारात निरोप धाडला. दहाला नवरा गेला. वन्सं आल्या तेव्हा दोन वाजले होते. अंगणात माणसं उभी होती. वन्संच्या हाताला लिंबाचा वास येत होता. वहिनी सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “आलात? बाजार उठला वाटतं.”

त्या दिवसाच्या नोंदीत एवढंच आहे : वन्सं २ वाजता आल्या.

त्यानंतर येणंजाणं सुतासारखं बारीक झालं. दर शनिवारी मात्र बाजारातला चहावाला घरी जाता जाता एक कापडी पिशवी देऊन जायचा. पिशवीत बारा लिंबं. वहिनी पिशवी धुऊन, घडी करून, पुढच्या शनिवारी त्याच्याच हाती परत द्यायच्या. निरोप कधी दिला नाही.

सत्तावन्नचा उलगडा त्यांनी त्यांच्यापुरता केला होता. फार पूर्वी एकदा बाजारात गेल्या असता वन्संना एका बाजूला लिंबं आणि दुसऱ्या बाजूला अंडी विकताना त्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “एका पोटाला दोन दुकानं लागतात का हो?” तो काहीतरी बोलणार होता, मग म्हणाला, “तुला नाही कळायचं ते.” तेव्हा दुसरा गाळाही वन्संनीच घेतलेला असणार. जोडधंदा. प्रश्न मिटला. तरी पेटीत सापडलेली वस्तू ज्याची त्याच्या नावावर लिहिली गेल्याशिवाय वहिनींना चैन पडणार नव्हतं.

बुधवारी सकाळी त्या निघाल्या तेव्हा सून म्हणाली, “आई, मी येऊ का?”

“नको गं. बिल्ले द्यायचे, सही घ्यायची. काम ते केवढं.”

“मग चांगला चष्मा कशाला लावलात?”

“सही वाचायला.”

बाजार म्हणजे पत्र्याची एक लांबच लांब शेड. मधून पाण्याची उघडी गटारं, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे गाळे. निम्मे गाळे रिकामे झाले होते. जिथं वर्षानुवर्षं बटाटे रचलेले असायचे तिथं जमिनीवर त्यांचा मातकट चौकोन तेवढा उरला होता. माणसं खोकी बांधत होती, एकमेकांना हाका मारत होती. छप्पन्न आणि सत्तावन्न खांबाला लागून होते. दोहोंच्या मध्ये गुडघ्याएवढी एक फळी. अलीकडे सुकलेल्या लिंबांच्या सालींचा वास, पलीकडे पेंढा, आणि पेंढ्यात एक पत्र्याचा डबा. डब्याला वरून अंडं टेकेल एवढं भोक आणि आत बल्ब. प्रत्येक गाळ्याच्या खांबाला एक खिळा होता. सत्तावन्नचा खिळा गंजून खांबात मुरला होता. छप्पन्नचा इतका गुळगुळीत झाला होता की बोट लावल्यावर तो लोखंडाचा वाटेना.

“वहिनी ना?” मागून आवाज आला. चहावाला होता, एका हातात ग्लासांची जाळी. दारात पिशवी देणारा हा माणूस वहिनींनी नऊ वर्षं पाहिला होता, पण त्याला बसा असं कधी म्हटलं नव्हतं. त्याने एक खोकं झटकून पुढे सरकवलं. “बसा. ताई म्हणायच्या, वहिनी एक दिवस येतील, आणि येतील तेव्हा हातात पावतीचं पुस्तक घेऊन येतील.”

“ताई कोण?”

“आमच्या लिंबूताई. तुमच्या वन्सं.” त्याने चहा ओतला. “मरायलासुद्धा सुट्टीचा वार निवडला बघा. सोमवार. बाजार बंद. एक दिवस वाया घालवला नाही बाईनं.”

वहिनींनी पर्समधून बिल्ले काढले. “हा दुसरा गाळा त्यांनी कधी विकत घेतला, ते मला लिहून ठेवायचं होतं.”

चहावाला त्यांच्याकडे बघत राहिला. “विकत? तो ताईंचा नव्हताच कधी. थांबा, मी मुकादमांना बोलावतो. त्यांच्या तोंडून ऐका, नाहीतर म्हणाल चहावाला चहासारखाच वाढवून सांगतो.”

मुकादम म्हणजे या बाजाराची हजेरी घेणारा माणूस. नोकरी संपून दहा वर्षं झाली होती, पण सवय संपली नव्हती. रोज येऊन काट्याशेजारी बसायचा. कानांनी पार गेला होता आणि म्हणून स्वतः ओरडून बोलायचा. त्याने सत्तावन्नचा बिल्ला तळहातावर घेतला, अंगठ्यानं पुसला.

“बिल्ला म्हणजे माणूस, बाई,” तो म्हणाला. “सहाच्या घंटेला ज्याच्या खिळ्यावर बिल्ला, तो हजर. एकच्या घंटेला पुन्हा फेरी. बिल्ला नाही तर माणूस नाही.”

“आणि कुणी आजारी पडलं तर?” वहिनींनी त्याच्या कानाशी विचारलं.

“आठ दिवस माफ. नवव्या दिवशी गाळा दुसऱ्याला. पण लांब जायचं असलं, तर आपला बिल्ला शेजाऱ्याच्या खिळ्यावर टांगून जायचं. म्हणजे काय, माझं तुझ्यावर. मग शेजाऱ्यानं दोन्ही गाळे उघडायचे, दोन्ही बिल्ले टांगायचे, दोन्ही घंटांना जातीनं हजर राहायचं. त्याला माफी नाही. एक दिवस चुकला की गाळा गेला.”

“एक दिवस?”

“एक दिवस. आपल्या मालाची हेळसांड आपण करू हो. दुसऱ्यानं सांभाळायला दिलेल्याची कशी करणार?” मुकादमानं बिल्ला परत दिला. “अंडेवाला होता सत्तावन्नला. आई आजारी म्हणून गावाला गेला. पंधरा दिवसांत येतो म्हणाला आणि ताईंच्या खिळ्यावर हा टांगून गेला. अडुसष्ट साल, ऑगस्ट.”

“पंधरा दिवस,” चहावाला म्हणाला. “त्रेचाळीस वर्षं झाली.”

वहिनींच्या हातातला चहा तसाच राहिला. त्या हिशेबाच्या पक्क्या होत्या, आणि हा हिशेब मांडायला वहीची गरज नव्हती. सहाची घंटा, एकची घंटा, मग चालत पाऊण तास. दोन.

“नऊ वर्षांपूर्वी,” त्या म्हणाल्या, “माझे यजमान गेले त्या दिवशी…”

“होतो की मी,” चहावाला म्हणाला. “तुमचा पहिला निरोप आला, सिरियस आहे म्हणून. ताई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. लिंबं मोजत होत्या, आकडा चुकत होता. मी म्हटलं, ताई जा, मी बसतो. तर म्हणाल्या, खिळा माझा आहे, तू बसून काय होणार. मग साडेदहाला कळलं, गेले. एकच्या घंटेपर्यंत अशा बसल्या, या फळीवर हात ठेवून. मी चिडलोच. म्हटलं, आता तरी निघा. तर म्हणाल्या, जो गेला त्याच्याकडे उशिरा पोचलं तर तो समजून घेईल. जो यायचाय त्याला कुठं माहीत आहे आपण का नव्हतो.”

शेडच्या टोकाला कुणीतरी पत्रा ओढत होतं. वहिनींनी ग्लास फळीवर ठेवला.

“त्यांचं… म्हणजे, काही ठरलेलं होतं का?” वहिनींनी विचारलं.

“कुणास ठाऊक. बोलणं असं काही दिसायचं नाही. तो अंडी तपासायचा, ह्या लिंबं पुसायच्या. एकदा ताईंनी विचारलं, काय दिसतं रे त्या अंड्यात? तो म्हणाला, या, बघा. तेवढं एक बघितलेलं मी बघितलं. आणि मग लोकांनी चिडवलं, दोघांचं सरबत कधी पाजताय, तर तो म्हणाला, अंड्याचं सरबत कुणी पितं का. तसा विनोदी होता.” चहावाला स्वतःशी हसला. “मिचक्या म्हणायचो आम्ही त्याला.”

“मिचक्या का?”

“अहो, दिवसभर तेच काम. भोकावर अंडं ठेवायचं, डावा डोळा मिटायचा, उजव्यानं आत बघायचं. आतला पिवळा गोळा हलला की अंडं शिळं. दिवसाला हजार अंडी. डोळ्याला खोडच लागली. माणसाशी बोलतानासुद्धा डावा डोळा मिटायचा. जितका गंभीर बोलायचा तितका जास्त. पहिल्याच दिवशी भाजीवालीनं त्याच्या अंगावर मुळ्याची जुडी फेकली होती, डोळा मारतो म्हणून.” आणि चहावाल्यानं ग्लासांची जाळी खाली ठेवली, मान जराशी कलती केली, आणि डावा डोळा हळूच मिटून उघडला. “असा. ‘लिंबूवाल्या बाई, आज ऊन फार नाही?’ असा.”

वहिनी उठल्या.

“काय झालं? चहा तरी…”

“घरी काम आहे,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी येते.” सही घ्यायची राहिली ते रस्त्यात आठवलं, तरी त्या परतल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी चप्पल नीट लावली, हात धुतले आणि लोखंडी कपाट उघडलं. वह्या वर्षावार होत्या, तपकिरी कागदाची कव्हरं, पाठीवर साल. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “आई, पानं घेऊ का?” अडुसष्ट. ऑगस्टपासून पुढे पान पान उलटलं. काही नाही. एकोणसत्तरची वही काढली. फार उलटावं लागलं नाही.

*सोमवार, ६ जानेवारी १९६९. थंडी. कपडे वाळले नाहीत. बाजाराची सुट्टी, वन्सं मैत्रिणीकडे. दुपारी तीनला काठी टेकत एक माणूस दारात. लिंबूवाल्या बाई इथंच राहतात ना, असं विचारताना डोळा मारत होता. दोनदा. अंगावर काटा आला. गुरुवारी वन्संना बघायला पाहुणे यायचे आहेत, असली माणसं दारात दिसली तर बभ्रा व्हायचा. त्यांचं लग्न झालं, बाजार सोडला, आता इथं नसतात असं सांगून टाकलं. ‘सुखी आहेत ना?’ म्हणाला, आणि पुन्हा डोळा. हो म्हटलं, दार लावलं. ह्यांना सांगितलं नाही, उगाच डोकं तापवतील. नंतर बघते तर पायरीवर पेंढ्यात गुंडाळलेली सहा अंडी. टाकवेनात. केक केला. वन्संनी टरफल उचलून खिडकीशी उजेडात धरलं आणि अंडी कुठून घेतलीत विचारलं. दारावर आली होती म्हटलं. सहाही चांगली निघाली.*

वहिनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षर त्यांचंच होतं, टपोरं, सिस्टरनी वळण लावलेलं. खाडाखोड कुठंही नव्हती. टरफल हातात घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या वन्सं त्यांना आता दिसत होत्या. तेव्हा वाटलं होतं, काय बघायचं असतं एवढं टरफलात. वन्सं बराच वेळ उभ्या होत्या. मग दुसरं टरफल उचललं. मग म्हणाल्या होत्या, “नीट बघून दिलेली दिसतात.” ते मात्र वहीत नव्हतं. जागा उरली नव्हती.

तो माणूस दारातून बाजारात का गेला नाही, हेही आता विचारायचं उरलं नव्हतं. लग्न करून, बाजार सोडून गेलेल्या बाईच्या खिळ्यावर त्याचा बिल्ला टिकला नसणार. तिथला नियम त्याला पाठ होता. एक दिवस चुकला की गेला. बाजार चालत पाऊण तासावर होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार, सहाच्या घंटेला वन्संनी नेहमीसारखे दोन्ही बिल्ले टांगले असणार.

आणि त्या गुरुवारी पाहुणे आले, तेव्हा वन्संनी त्यांना सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. वहिनी महिनाभर फुगून होत्या. केवढी धावपळ केली होती त्या स्थळासाठी.

“काय सापडलं आई?” सून दारात उभी होती.

वहिनींनी वही तिच्यापुढे धरली. तिने उभ्यानं वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली. “तुम्हाला काय माहीत,” ती हळूच म्हणाली. “तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं.”

“कुणीही केलं असतं,” वहिनी म्हणाल्या. “पण मी केलं.”

गुरुवार त्यांनी घरात काढला. डाळीतले खडे वेचले, दोन उशांचे अभ्रे शिवले. बिल्ले टेबलावर होते. जमा करायचे, सही घ्यायची, काम ते केवढं. एकोणसत्तरची वही या घराबाहेर कुणी वाचलेली नव्हती आणि वाचणारही नव्हतं. आपल्या माघारी सगळ्या वह्या रद्दीत जाणार, हे वहिनींना केव्हापासून ठाऊक होतं. बाजारातल्या लोकांच्या लेखी अंडेवाला परत आलाच नव्हता. ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती, तीत कुणावर ठपका नव्हता, असलाच तर न आलेल्या माणसावर. त्याला काय फरक पडणार होता. असला तर तो ऐंशीच्या घरातला म्हातारा असेल. नसला तर नसेल. आणि बाजारात ही गोष्ट बोलायची म्हणजे त्या चहावाल्यासमोर बोलायची, ज्याच्या ताई होत्या त्या. हातात अभ्रा तसाच धरून त्या किती वेळ बसल्या होत्या ते त्यांना कळलं नाही.

शुक्रवारी सहाच्या घंटेच्या आधी त्या बाजारात होत्या. छप्पन्नच्या गुळगुळीत खिळ्यावर त्यांनी कडी अडकवली. दोन्ही बिल्ले एकमेकांवर आपटून किणकिणले. मुकादम शेवटच्या दिवसाची फेरी हौसेनं मारत होता. त्याने खिळ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेला.

त्या बसून राहिल्या. विकायला काही नव्हतं. एक बाई येऊन लिंबं मागून गेली. खोकी, दोरखंड, काटे, सगळं पुढून वाहून चाललं होतं. बसल्या बसल्या पाठ अवघडली, पायांना मुंग्या आल्या. सात तास. एका दिवसाचे. चहावाल्यानं दोनदा चहा आणून दिला, पैसे घेतले नाहीत. “ताईंची जागा तुम्हाला शोभते,” म्हणाला. वहिनींनी अर्धा ग्लास फळीवर ठेवून दिला.

एकची घंटा झाली. ऑफिसच्या कारकुनानं गाळ्यांच्या मधोमध टेबल टाकलं होतं. पुढे मोठं रजिस्टर आणि पायाशी गोणपाट. नंबर पुकारायचा, बिल्ला गोणपाटात टाकायचा, शेरा लिहायचा. रांग भरभर सरकली.

“छप्पन्न?”

“मयत,” वहिनी म्हणाल्या. “मी भावजय.”

“सत्तावन्न?”

वहिनींनी तोंड उघडण्याआधी बाजूला बसलेला मुकादम ओरडला, “लिहा. मालक परत आला नाही.”

कारकुनाचं पेन टेकलं.

“असं लिहू नका,” वहिनी म्हणाल्या. “चूक आहे ते.”

“काय चूक आहे?”

“ते परत आले होते. सोमवार, सहा जानेवारी एकोणसत्तर. दुपारी तीनला. आमच्या घरी.” त्यांचा आवाज शाळेत पाठ म्हणताना निघायचा तसा एका सुरात निघत होता. “वन्संना भेटायला. मी दार उघडलं. त्यांचं लग्न झालं, बाजार सोडला, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. ते गेले.”

मुकादमानं कानामागे हात धरला. “काय म्हणाल्या?”

मग चहावाला त्याच्या कानाशी वाकला. पण त्या कानात काही पोचवायचं म्हणजे साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असंच सांगावं लागे. “आला होता मिचक्या,” तो ओरडला. “पाच महिन्यांनी. वहिनींनी दारातनं परतवून लावला. ताईंचं लग्न झालं म्हणाल्या.”

खोकी बांधणारे हात थांबले. मुकादम वहिनींकडे वळला. मग म्हणाला, पहिल्यांदाच हळू, “का?”

“डोळा मारतात असं वाटलं.”

कुणीतरी हसण्यासारखा आवाज केला आणि तो मध्येच तुटला. तिथल्या प्रत्येकाला तो डोळा माहीत होता, किंवा ऐकून माहीत होता. मुळ्याच्या जुडीची गोष्ट वर्षानुवर्षं हसत सांगितली जात होती.

“पंधरा दिवस म्हणाला ते खोटं ठरलं,” मुकादम शेवटी म्हणाला. “येतो म्हणाला ते खरं होतं म्हणजे.”

“ताईंना एवढं जरी कळलं असतं,” चहावाला म्हणाला. छप्पन्नच्या फळीवर वहिनींचा दुसरा चहा अर्धा उरला होता. त्याने ग्लास उचलला, चहा गटारात ओतला, ग्लास जाळीत ठेवला आणि तो निघून गेला.

कारकुनानं लिहिलं. वहिनींनी चष्मा सावरून ते वाचलं. मालक ६ जानेवारी १९६९ रोजी परत आला होता. तारीख बरोबर होती. खाली त्यांनी पूर्ण सही केली आणि ‘नातं’ या रकान्यात भावजय असं लिहिलं. सत्तावन्नचा बिल्ला गोणपाटात पडला. आत इतके बिल्ले होते की त्याचा वेगळा असा आवाज झाला नाही.

संध्याकाळी सुनेनं दिवा लावला आणि ती बाहेर बसली. वहिनींनी आधी एकोणसत्तरची वही उघडली. सहा जानेवारीच्या पानावर पेन थोडा वेळ अधांतरी राहिलं. मग त्यांनी ती वही मिटून जागेवर ठेवली आणि आजचं पान काढलं.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर. बिल्ले ५६ व ५७ जमा केले, पोच मागच्या पानाला टाचली आहे. ६ जानेवारी १९६९ ची नोंद वाचताना हे लक्षात घ्यावं : तो माणूस डोळा मारत नव्हता. चहावाल्याकडे वन्संची एक कापडी पिशवी द्यायची राहिली आहे, धुऊन ठेवली. त्यांनी शेवटी पाठवलेल्या बारा लिंबांपैकी तीन उरली आहेत.